खुंट्यावरून न हललेला बैल

माझ्या खांद्यावर कायम दोन रुमाल असायचे. एक घाम पुसायला आणि दुसरा धंद्याला. धंद्याच्या रुमालानं मी कधी तोंड पुसायचो नाही. तो पडला की बायको सुद्धा उचलायला घाबरायची, कारण तिला वाटायचं त्यात कुणाचा तरी भाव गुंडाळलेला असेल.

यंदाचा अंक 'पैसा' या विषयावर काढायचा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. शेअर बाजारावर एक सीए लिहिणार, बँकांवर एक प्राध्यापक लिहिणार. "अप्पा, तुमी गुरांच्या बाजारावर लिहा. तेजी-मंदी म्हंजी काय, सोपं करून सांगा." मी म्हणालो, मला ती कळली असती तर माझ्या घरावर अजून पत्रे राहिले असते का? ते म्हणाले, "मंग तेच लिहा." लिहायला बसलो तर बाकी सगळं मागं पडलं आणि एक बैलच डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला. तो उभाच राहायचा. त्याचं नावच हवालदार.

पण आधी धंदा सांगतो. मी सोनपेठकडच्या आठवडी बाजारात जनावरांची दलाली केली. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मधे मी. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली दोघांचे हात जायचे आणि बोटं धरून भाव ठरायचा. तीन बोटं धरली की तीस हजार, वर पाच बोटं दाबली की पस्तीस. हाताच्या वर कापड, त्याच्याभोवती दहा माणसं, आणि आत काय चाललंय ते फक्त दोघांना ठाऊक. मी एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरायचो, म्हणून मला दोन्हीकडचं ठाऊक. माझं पोट त्या माहितीवर चालायचं. पाचशे विकणाऱ्याकडून, पाचशे घेणाऱ्याकडून.

ह्यात गमती लय. पाथरीकडचे एक किसनराव होते, त्यांना तळहाताला गुदगुल्या व्हायच्या. चार बोटं धरली की माणूस खिदळायला लागायचा. त्यामुळं किसनराव हसले की सगळ्या बाजाराला कळायचं, गडी चाळीसवर आला. शेवटी ते सौद्याला मेव्हण्याचा हात घेऊन यायला लागले. कोरोनात बाजार बंद पडला तेव्हा तर कहरच. लोक मोबाईलवर बैल दाखवायचे, आणि एक पठ्ठ्या मोबाईलवर रुमाल टाकून त्याच्याखाली तोंड घालून भाव ओरडायचा. सगळी गल्ली ऐकायची. मी म्हटलं, अरे बाबा, मग रुमाल कशाला? तर म्हणाला, "रीत हाय ना अप्पा."

तर रीत. आणखी एक रीत सांगतो, पुढं लागणार आहे. बैल विकला तरी दावं विकायचं नाही. विकणारा आपलं दावं बैलाच्या गळ्यातून काढून खांद्यावर टाकतो आणि घेणारा आपलं घालतो. दावं बदललं की सौदा पक्का. त्याच्या आधी बैल बसला, मेला, कुणाचं मन फिरलं, तर ज्याचे पैसे त्याला परत आणि कुणी कुणाला बोल लावायचा नाही. मागं एकदा आमच्या हमीदभाईंनी घेतलेली म्हैस दावं बदलायच्या आत धाडकन पडली होती. त्यांनी याच रितीवर आपले पैसे परत घेतले आणि बाजारानं मान डोलावली.

हमीदभाई म्हणजे बाजारातले सगळ्यात जुने व्यापारी. बैलाचा दात न बघता नुसत्या रवंथावरून वय सांगायचे. असा माणूस सुद्धा हवालदारापुढं कसा वेडा झाला, ते आता ऐका.

हवालदार गौतमरावांचा. गौतमराव गोदाकाठच्या गावचे, थोडकी जमीन, स्वभाव सरळ. जोडीतला एक बैल साप चावून गेला, मागं राहिला हा एकटा. लाल कंधारी, खांदा चांगला, पण एका जागी उभा राहिला की सरकारी माणसासारखा हलायचा नाही, म्हणून हवालदार. नांगरणीला ट्रॅक्टर यायला लागला होता. एकट्या बैलाचं करायचं काय? त्यांच्या मालकीणबाई ललिताबाई अंगणवाडीत खिचडी शिजवायच्या. त्यांनी साठवून साठवून बस स्टँडजवळ एक गाळा बघितला होता आणि शेवयाच्या मशीनला पाच हजार इसार देऊन ठेवला होता. उरलेले पस्तीस हजार पुढच्या बाजारापर्यंत द्यायचे. नाही दिले तर मशीन दुसऱ्याला आणि इसार बुडाला.

"जय भीम अप्पा. पस्तीसच्या खाली सोडायचा न्हाई. मालकिणीनं बजावून धाडलंय," गौतमराव म्हणाले.

मी बैल लिंबाखाली बांधायला सांगितला. सावली होती. हमीदभाई आले, फिरून बघितलं, रुमाल पडला, बोटं धरली, आणि घटकाभरात पस्तीसला सौदा झाला. रोख पैसे गौतमरावांच्या बंडीच्या खिशात गेले. माझी दलाली माझ्या खिशात. दावं काढायचं राहिलं. हमीदभाईंचा टेम्पो संध्याकाळी येणार होता. म्हणाले, तवा बघू. गौतमराव खुशीत भजी खायला गेले.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं.

मग बंडूशेठ आले. परभणीचे, प्लॉटिंगचा धंदा, पांढरी मोठी गाडी. त्यांना बैलातलं काही कळत नव्हतं. शेपूट मागं असतं एवढंच. ते आमच्या तालुक्यात जमीन बघायला आले होते आणि रस्त्यात फोनची रेंज गेली होती. आमच्या बाजारात रेंज फक्त त्या लिंबाखाली यायची. म्हणून शेठ लिंबाखाली उभे राहिले. फोन लय लांबला. बोलता बोलता माणूस हाताला काही तरी चाळा करतो, तसा त्यांचा मोकळा हात हवालदाराच्या वशिंडावर फिरायला लागला.

एवढंच घडलं. बाकी सगळं लोकांनी केलं.

आधी दोघं येऊन उभे राहिले. मग सहा. कुणी तरी विचारलं, शेठ कामून आलेत? कुणी तरी म्हणालं, एवढा वेळ एकाच बैलापाशी हायेत, म्हंजी काही तरी हाय. चहावाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला. माझ्यापाशी तीन माणसं येऊन कुजबुजली, "अप्पा, खरं सांगा, कशाचा बैल हाय?" मी म्हणालो, बैलाचा बैल आहे. पण दलालानं खरं सांगितलं की लोक आणखी जवळ येतात.

शेठनं फोन ठेवला आणि वर बघितलं तर भोवती ही गर्दी. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अप्पा, हे सगळे ह्या बैलासाठी जमलेत?"

"न्हाई शेठ. तुमी उभे हायेत म्हून जमलेत."

ते मोठ्यानं हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही पक्के आहात अप्पा! सांगणार नाही तुम्ही."

गळ्यातल्या लिंगाची आण, मी खरं बोललो होतो. शेठनी हमीदभाईंना गाठलं, जन्मात पहिल्यांदा रुमालाखाली हात घातला आणि बेचाळीसला हवालदार घेतला. पैसे फोनवरून लागलीच. रेंज होतीच. बैल घेऊन करायचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "विकायचा. घेणारे एवढे उभे आहेत की." आणि लिंबाला टेकून परत फोनवर बोलायला लागले.

आता बाजारात बातमी फिरली. भाव रुमालाखालचा, म्हणून खरा आकडा कुणालाच ठाऊक नाही. बेचाळीसचे साठ झाले, साठाचे ऐंशी झाले. भेळवाल्यापाशी पोचेपर्यंत लाख झाला होता. लातूरचा कुणी तरी माणूस गाडी घेऊन निघालाय, अशी एक बातमी आली. तो लातूरचा माणूस कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. पण त्याच्या भीतीनं सगळे घामाघूम.

सगळ्यात आधी हमीदभाई डळमळले. माझा दंड धरून म्हणाले, "अप्पा, मेरे हात से कुछ तो निकल गया. मैं दात नहीं देखा उसका."

"हमीदभाई, सकाळी दोनदा बघितलेत."

"फिर बी."

आणि हमीदभाईंनी, ज्यांनी सकाळी तो बैल पस्तीसला घेतला होता, तोच बैल दुपारी पन्नासला घेतला. शेठनी आठ हजार कमावले, गाडीत बसले आणि गेले. सावलीत उभं राहण्याचे आठ हजार! मी पत्र्याखाली आयुष्य काढलं, मला कुणी आठ रुपये दिले नाहीत.

माझी दलाली? घेतली की. प्रत्येक सौद्याला घेतली. लोक येडे झाले म्हणून दलालानं उपाशी राहायचं का?

एवढ्यात गौतमराव भजी खाऊन, वर एक डुलकी काढून आले. बैलाचं एकदा शेवटचं तोंड बघावं म्हणून आले होते बिचारे. बघतात तर हवालदाराभोवती जत्रा. हमीदभाई त्याच्या गळ्याला मिठी मारल्यासारखे उभे. कुणी म्हणतंय लाख, कुणी म्हणतंय सव्वा. गौतमरावांचा चेहरा उतरला.

"अप्पा, सहा वर्सं मी ह्याला चारा घातला. मला न दिसलेलं ह्यांना दिसायलंय. मी येडाच ठरलो का न्हाई?"

"अवो, काही दिसायलं न्हाई कुणाला. घरी जा."

"मालकीण म्हणल, लाखाचा बैल पस्तीसला दिला. कोणतं तोंड दाखवू?"

"गौतमराव, तुमचाच बैल हाय तो!"

"म्हून तर!" ते म्हणाले. मी रुमाल पुढं केला. साठला सौदा झाला. खिशातले पस्तीस हजार हमीदभाईंना परत गेले आणि उरलेले पंचवीस पुढच्या बाजारी द्यायचे ठरले. दिवस मावळेपर्यंत लाख द्यायला कुणी पुढं आलं नाही, तेव्हा गौतमरावांनी हवालदाराला सोडलं आणि निघाले. तो माणूस सकाळी बैल घेऊन आला होता, संध्याकाळी तोच बैल घेऊन घरी चालला होता, आणि मधे त्याच्या डोक्यावर पंचवीस हजार बसले होते. बैल दिवसभर एक पाऊल हलला नव्हता. प्राध्यापकांनी बँकांवर लिहिताना ह्याचा हिशोब लावून दाखवावा, मी दोन रुमाल त्यांना आहेर करीन.

आठवडाभर मला झोप लागेना असं म्हणणार नाही. मला झोप लय लागते. पण बाजाराचा दिवस आला आणि लांबूनच दिसलं, हवालदार येतोय आणि ह्या वेळी दावं गौतमरावांच्या हातात नाही. दावं ललिताबाईंच्या हातात. पदर खोचलेला. गौतमराव मागं चार हात अंतर ठेवून, शाळेतून नाव काढलेल्या पोरावानी.

त्याच लिंबाखाली बैल बांधला. पण ह्या वेळी तिथं कुणीच फिरकलं नाही. शेठ नव्हते. लातूरचा माणूस तर नव्हताच. तोच बैल, तेच दात, तेच वशिंड. गेल्या बाजारी ज्यांनी माझे कान खाल्ले तेच आता तोंड फिरवून म्हणाले, "एकट्या बैलाला कोण घेतंय अप्पा?" झरीचा एक शेतकरी होता, त्याची जोड मोडली होती, त्याला गरज होती. त्यानं रुमालाखाली अठ्ठावीस सांगितले. दुसऱ्या एकानं सव्वीस. मशीनवाला दुपारपर्यंत थांबणार होता. आणि हमीदभाई पंचवीस हजार मागायला उभे होते.

मी ललिताबाईंना म्हणालो, "अठ्ठावीस आलेत. मालकाला पुढं करा, मी त्यांच्या हातावर सांगतो." बाईमाणसानं रुमालाखाली हात घालायची रीत नाही आमच्याकडं. परक्या पुरुषाचा हात कसा धरायचा?

"मालकानं लय हात घातला गेल्या बाजारी," त्या म्हणाल्या. "मला काय सांगायचं ते तोंडानं सांगा."

"बाई, भाव तोंडानं सांगत न्हाईत इथं."

"मंग काय नाकानं सांगताव?"

चहावाला हसला. लोक वळले. ललिताबाईंनी आवाज चढवला नाही, पण अंगणवाडीतली पोरं गप करणारा तो आवाज. "हमीदभाई, तुमी माझ्या मालकाकडं पंचवीस हजार मागायलाव. कशाचे?"

"बैल के, भाभी. साठ में दिया."

"कुणाचा बैल?"

"मेरा. मैंने लिया था ना."

"तुमचा बैल, मंग गळ्यात दावं कुणाचं हाय?"

त्यांनी दावं वर धरलं. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पिळून केलेलं, हिरवं, मधे मधे जरीच्या काठाचे तुकडे. "हे माझं लुगडं हाय. आमच्या लग्नातलं. मी सोताच्या हातानं वळलंय. तुमी घेतला, शेठनं घेतला, तुमी परत घेतला, आमच्या ह्यांनी घेतला. दावं कुणी बदललं? बोला की अप्पा. तुमी तर मधे होताव."

खरंच की! दिवसभर त्या बैलाचे चार सौदे झाले आणि एकानंही दावं बदललं नाही, कारण एकालाही बैल घरी न्यायचाच नव्हता. प्रत्येकाला तो फक्त पुढच्याला द्यायचा होता. दावं बदललं नाही म्हणजे पहिला सौदा सुद्धा पक्का झाला नव्हता. बैल त्या सबंध दिवसात ललिताबाईंचाच होता आणि बाकीचे आम्ही सगळे हवा विकत होतो.

सगळे हमीदभाईंकडं बघायला लागले. म्हैस सगळ्यांना आठवत होती, त्यांना तर जास्तच. पंचवीस हजार सोडायचे आणि वर शेठला गेलेले आठ हजार आपल्या गाठीचे, हे त्यांना तिथल्या तिथं दिसत होतं. शेठ कुठं येतायत परत करायला? पण रीत मोडली असती तर उद्या त्यांच्याशी सौदा कोण करणार? त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"सही है भाभी," ते म्हणाले. "कुछ नहीं मांगता मैं. आठ हजार की छाँव पड गई मेरे पे."

मला त्या वेळी हमीदभाईंचा लय अभिमान वाटला. ज्याला बैलातलं कळत होतं तो खड्ड्यात गेला आणि ज्याला शेपटापलीकडं कळत नव्हतं तो फायदा घेऊन गेला, हे मात्र तेव्हापासून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

ललिताबाईंचं अजून संपलं नव्हतं. "आता बैल इकायचाय. मोकळ्या तोंडानं बोला. अप्पा अठ्ठावीस म्हणायलेत. कोण म्हणलं अठ्ठावीस?"

झरीचा शेतकरी लाजला. "मी."

"तुमाला जोड पाहिजे ना? मंग अठ्ठावीसला मिळतीय का कुठं?"

"एकोणतीस," दुसरा म्हणाला, जो मघाशी सव्वीसवर होता. झरीवाल्यानं वळून बघितलं. आपल्याशिवाय आणखी कुणाला बैल पाहिजे, हेच त्याला माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? ते त्याला न कळू देण्याचेच तर मी पैसे घेत होतो. "तीस," तो म्हणाला. मग एकतीस. मग बत्तीस. आणि मागून हमीदभाईंचा आवाज, "तेहतीस." मी डोळे वटारले तर म्हणाले, "क्या करूं अप्पा, बैल अच्छा है."

"चौतीस," झरीवाला म्हणाला आणि तिथंच थांबलं. माझा रुमाल खांद्यावर नुसता लोंबत होता. त्याच्याकडं कुणी बघितलं सुद्धा नाही.

पैसे मोजून झाले. ललिताबाईंनी हवालदाराच्या गळ्यातलं लुगड्याचं दावं आपल्या हातानं सोडलं. गाठ सुटेना, दातानं सोडली. त्याच्या कपाळावर हात ठेवून काही तरी बोलल्या, ते मी ऐकलं नाही, ऐकायचं पण नव्हतं. गौतमराव दुसरीकडं बघत डोळे पुसत होते. झरीवाल्यानं आपलं दावं घातलं. हवालदार आपला उभाच. ओढून ओढून शेवटी हलला.

मग बाई माझ्याकडं आल्या. पस्तीसला एक हजार कमी पडत होते आणि मशीनवाला उन्हात घड्याळ बघत उभा होता.

"अप्पा, गेल्या बाजारी ह्यांच्याकडनं दलाली किती घेतली?"

आयुष्यभर मी लोकांचे भाव ऐकले, पण माझा भाव मला चारचौघांत कुणी विचारला नव्हता. मी सवयीनं रुमाल खांद्यावरून काढला आणि बोटं दाखवायला पुढं केला.

ललिताबाईंनी रुमालाखाली हात घातला नाही. मोकळा तळहात माझ्यापुढं धरला, सगळ्या बाजारासमोर.

"इकताना पाचशे," मी म्हणालो. आवाज माझा मलाच अनोळखी. "घेताना पाचशे."

"सौदा झालाच न्हाई ना?"

"न्हाई झाला."

मी हजार रुपये त्या तळहातावर ठेवले. माझा घाम गळत होता. हातात होता तोच रुमाल तोंडावर फिरवला, आणि मग लक्षात आलं की हा धंद्याचा.

आता मी बाजार सोडलाय. पाय दुखतात. बस स्टँडजवळ ललिताबाईंचं दुकान चांगलं चालतं, गौतमराव गल्ल्यावर बसतात, आणि भिंतीच्या खिळ्याला ते हिरवं दावं लटकलेलं असतं. परवा दिवाळीसाठी बायकोनं शेवया आणायला धाडलं. पुड्यावर भाव छापलेला. मला वाटलं जुनी ओळख आहे, काही तरी कमी करतील. जीभ उचलेना. नकळत माझा हात खांद्यावर गेला, रुमालाचं टोक काउंटरवर पसरलं आणि बोटं त्याच्याखाली गेली.

ललिताबाई शेवया तोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अप्पा, हात वर ठेवा."